न लावलेला टॅग

रविवारी शेअरबाजार बंद असतो, ही गोष्ट हर्षलला चार वर्षांत पहिल्यांदाच शिक्षेसारखी वाटली. चालू बाजारात माणूस निदान काही चुकीचं तरी करू शकतो. बंद बाजारात नुसतं बसून राहायचं, आणि तेही आजोबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पांढरा सदरा घालून, येणाऱ्या प्रत्येकाला हसून जयभीम करत.

गंगापूर रोडच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सकाळी वंदना झाली, झुंबरआजोबांच्या फोटोला हार घातला गेला, खीर वाटली गेली. तीनच्या सुमारास पाहुणे पांगले आणि घरचीच माणसं उरली. हर्षलचे वडील नवनाथ खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. आई विमलाबाई जमिनीवर भिंतीला टेकून पाय चोळत होत्या. ओझरहून सकाळीच आलेली हर्षलची धाकटी बहीण अंजली सोफ्यावर होती, तिची सात वर्षांची निकिता आत झोपली होती. संजना, हर्षलची बायको, स्वयंपाकघरात भांडी आवरत होती आणि बाहेरचा शब्द न् शब्द ऐकत होती.

बातमी शनिवारी संध्याकाळी आली होती. त्रिशिखर एरोटेक या नाशिकच्याच कंपनीला विमानाचे सुटे भाग बनवायची परदेशी ऑर्डर मिळाली होती. गावाला अभिमान वाटावा अशी बातमी. शेजारचे देशमुख सर तर पेढे घेऊन आले, कारण त्यांचा पुतण्या तिथे कामाला. या घरात मात्र तो पेढा कुणाच्या घशाखाली उतरला नाही. हर्षलने त्याच कंपनीचे शेअर आधीच विकून ठेवले होते.

हर्षलचा धंदाच उलटा. लोक शेअर घेतात आणि वर जायची वाट बघतात. हर्षल आधी विकायचा आणि पडायची वाट बघायचा. पडला की स्वस्तात परत घ्यायचा, मधला फरक त्याचा. विमलाबाईंना हे कधी पटलं नव्हतं. दुसऱ्याचं पडावं म्हणून सकाळी सकाळी अंघोळ करून बसायचं, हे कसलं काम, असं त्या चारचौघांत विचारायच्या आणि हर्षल हसून सोडून द्यायचा. त्यात एक गोम होती, ती त्याला पहिल्याच वर्षी कळली. शेअर पडून पडून शून्यावर येईल, त्याखाली नाही. चढायला मात्र वर छत नसतं. म्हणजे नफा मोजका आणि तोटा बेसुमार. अशा धंद्यात माणूस बाजारामुळे कमी बुडतो, स्वतःच्या हट्टाने जास्त. भाव अंगावर येत असताना ‘आता पडेल, आता पडेल’ म्हणत बसतो आणि भाव त्याच्या छाताडावरून पुढे निघून जातो.

त्यावर हर्षलने काढलेला उपाय सगळ्या नातेवाइकांत गाजला होता. नवनाथ ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होते. तिथे एखादा भाग सदोष निघाला की तपासनीस त्याला तारेने लाल टॅग बांधतो, आणि टॅग लागलेला भाग मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही हलवता येत नाही. हर्षलने वडिलांना सांगितलं, बाबा, तुम्ही रोज माझ्या शेजारी बसा. सकाळी मी तोट्याचा आकडा टॅगच्या मागे लिहीन. तो आकडा आला की टॅग माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्याला लटकवायचा. मग मी शिव्या देईन, रडेन, काहीही करीन, पण त्या क्षणाला तोटा सोसून सौदा काटीन. बापलेकांनी हे चार वर्षं पाळलं. हर्षल दोनदा ओरडला होता. नवनाथ तेव्हा टॅग लावून चहा प्यायला उठून गेले होते.

अंजलीने फारकतीनंतर मिळालेले अठरा लाख भावाकडे दिले ते या टॅगवर. दादा हुशार आहे म्हणून नाही. दादा तापट आहे हे तिला पाळण्यातल्यापासून माहीत. बाबा शेजारी बसतात म्हणून दिले. ओझरला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट तिने पाहून ठेवला होता आणि पुढच्या महिन्यात पैसे भरायचे होते.

तिने विचारलं ते अगदी साध्या आवाजात. “मला एवढंच सांग दादा. टॅग लागला होता की नव्हता?”

हर्षलने वडिलांकडे पाहिलं नाही. “लागला होता,” तो म्हणाला. “मंगळवारीच लागला. मी ऐकलं नाही.”

आत संजनाच्या हातातलं पातेलं तिथेच थांबलं.

मंगळवारी तिला सकाळच्या शाळेत शिकवायचं होतं, ती साडेबाराला घरी आली होती आणि दारातूनच तिने ते पाहिलं होतं. आकडा आला होता. सासऱ्यांनी टॅग हातात घेतला होता, तारही सरळ केली होती. समोरच्या टीव्हीवर त्रिशिखरच्या मालकाचा पुतण्या मुलाखत देत होता, गोरा, हसरा, बोटात अंगठ्या. नवनाथ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टॅग परत खिशात ठेवला आणि म्हणाले, “थांब जरा. ही कंपनी पोकळ आहे. मला विचार.” आणि हर्षल थांबला. ज्या माणसाने चार वर्षांत कधी ‘थांब’ म्हटलं नाही, त्याने म्हटल्यावर कोण नाही थांबणार.

आता हर्षल खोटं बोलत होता आणि नवनाथ खिडकीतून खालच्या गाड्या बघत होते. संजनाला नवऱ्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची इतकी कीव आली की तिने ओट्याची कड घट्ट धरली.

अंजली बोलायला लागली ती पाऊण तास बोलत होती. तिने भावाची दहावीपासूनची सगळी उणीदुणी काढली. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं ते काढलं, तिच्या लग्नात तो पाहुण्यांशी भांडला ते काढलं. निकिताला कुठे घेऊन जाऊ, हे तिने तीन वेळा विचारलं. हर्षल मान खाली घालून ऐकत होता. एकदाच म्हणाला, “बोल. तुझं बरोबर आहे.” विमलाबाई मध्ये पडल्या, तर त्यांना, तूच लाडावून ठेवलायस, असं ऐकावं लागलं. नवनाथ एक शब्द बोलले नाहीत. अंजलीला वाटलं, बाबांना किती लागलं असेल, त्यांचं कुणी ऐकलं नाही. तिने उठून त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं.

राग ओसरल्यावर मग खरा प्रश्न समोर आला. सोमवारी सकाळी बाजार उघडताच काटलं, तर अंजलीच्या अठरातले सहा-सात उरतील. हर्षलचे आणि नवनाथांच्या निवृत्तीच्या फंडाचे जवळपास सगळे जातील. न काटायचं, तर ब्रोकरला आणखी रक्कम हवी होती, नाहीतर तोच काटणार. हर्षलकडे त्यावर तोड होती. पंचवटीतला एक फायनान्सवाला या फ्लॅटच्या कागदांवर पैसे द्यायला तयार होता. उद्या साडेआठला घरी येणार होता. फ्लॅट नवनाथांच्या नावावर, सही त्यांची लागणार.

“बातमीने चढेल चार दिवस,” हर्षल म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाजात जुना हर्षल परत आला होता. “नंतर ऑर्डर पुरी करायची वेळ येईल ना? पोकळ कंपनी कुठून पुरी करणार? मी चुकलेलो नाही. फक्त लवकर शिरलो.”

संजना पदराला हात पुसत बाहेर आली. ती सहसा या लोकांच्या मध्ये बोलत नसे, नवरा आणि सासरा यांच्या मध्ये तर नाहीच. ती म्हणाली की घर द्यायचं नाही, गेलं ते गेलं, उरलंय ते अंजलीताईंना द्या, आपण दोघं काहीतरी करू, माझा पगार आहे. तिला वाटलं होतं, निदान अंजली तिच्या बाजूने येईल.

पण अंजलीने मान हलवली. काटलं तर तिचे अकरा लाख गेले म्हणजे गेलेच. थांबलं तर निदान आशा तरी आहे. आणि कंपनी पोकळ आहे हे काही दादा म्हणत नाही, बाबा म्हणतात. “वहिनी, बाबांनी कारखान्यात आलेला त्रिशिखरच्या मालाचा लॉट परत पाठवला होता. आम्ही लहानपणापासून ऐकतोय. केसाएवढी चीर होती, कुणाला दिसली नाही, बाबांना दिसली.” अर्ध्या तासापूर्वी भावाचे वाभाडे काढणारी अंजली आता त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. विमलाबाईंनी हातातल्या दोन पाटल्या काढून हर्षलपुढे ठेवल्या. “घे. ह्या पण घे. तुझा बाप खोटं बोलणारा माणूस नाय.”

सगळे नवनाथांकडे बघत होते. संजना सगळ्यांत जास्त.

“बघू सकाळी,” नवनाथ म्हणाले.

संध्याकाळी ते बाल्कनीत एकटे असताना संजना चहा घेऊन गेली. कप कठड्यावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मंगळवारी मी दारात होते.”

त्यांनी विचारलं, “त्याला सांगितलंस?”

“त्याला काय सांगायचं? त्याला माहीतच आहे. तो तुम्हाला झाकतोय.”

“मला कळतंय ते.”

“मग?”

चहावर साय धरली. संजनाने कप उचलून आत नेला आणि मोरीत ओतला. या घरात आल्यापासून तिने सासऱ्यांसमोर असं कधी केलं नव्हतं.

नवनाथ सोमवारी पहाटे उठले, दाढी केली, कारखान्यात जाताना घालत तसा इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांना झोप लागली नव्हती. त्या लॉटची गोष्ट ते अठरा वर्षं सांगत आले होते. बारशाला सांगितली, लग्नात सांगितली, निवृत्तीच्या समारंभात सांगितली. दर वेळी गोष्ट एका जागी येऊन थांबायची: मी टॅग लावला आणि गाडी माल घेऊन परत गेली. लोक वा म्हणायचे. त्यापुढचं ते विमलाबाईंनासुद्धा कधी बोलले नव्हते.

टॅग लावला त्या दिवशी त्रिशिखरच्या मालकाचा पुतण्या आला होता. तेव्हा तो पंचविशीचा असेल. सगळ्या खात्यासमोर त्याने टॅग दोन बोटांत धरून बघितला आणि हसत म्हणाला, तुम्हा कोट्यातल्या लोकांना शिक्का मारण्यापलीकडे दुसरं काय येतं. नवनाथ आयटीआयला जिल्ह्यात पहिले आलेले. वडिलांनी, झुंबरआजोबांनी, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत पाठीवर औषधाचा पंप वाहून त्यांना शिकवलं होतं. आजूबाजूचे चारपाच जण हसले, त्यात रोज त्यांच्यासोबत डबा खाणारा एक होता. नवनाथ तोंड धुवायला गेले आणि नळाखाली उभे राहिले.

मंगळवारी टीव्हीवर तोच चेहरा, तेच हसू. हातात टॅग. तो लावायचा म्हणजे त्याला जिंकू द्यायचं, असं त्यांना वाटलं. एवढं सरळ होतं ते.

साडेआठला फायनान्सवाला आला, बरोबर कागद. सोफ्यावर बसून त्याने कालची खीर खाल्ली, चांगली झालीय म्हणाला. हर्षल मधल्या खोलीत स्क्रीन लावून बसला होता, दार उघडंच. बाजार उघडण्याआधीचा भाव दिसायला लागला तेव्हा त्याच्या तोंडून आवाज आला, पाय घसरल्यावर माणसाचा निघतो तसा. अपेक्षेपेक्षा वर होता. “बाबा, करा सही,” तो आतून म्हणाला. “लवकर.”

विमलाबाईंनी नवऱ्याच्या हातात पेन दिलं. अंजली निकिताची वेणी घालत होती, तिचे हात थांबले.

नवनाथ पेन घेऊन उठले आणि मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले. स्क्रीनकडे नाही, त्याच्या डोक्याकडे बघत होते. मागचे केस विरळ झाले होते, हे त्यांच्या आज लक्षात आलं.

“हर्षल, काट,” ते म्हणाले.

“काय?”

“सौदा काट. कंपनी पोकळ नाही.”

हर्षल खुर्चीतून वळला. घड्याळात नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती.

“तो लॉट त्यांनी आठ दिवसांत बदलून दिला होता,” नवनाथ म्हणाले. “मीच तपासला. एक चीर नाही. मीच पास केला. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्यांचा एक तुकडा परत पाठवायची वेळ आली नाही. माल चांगला आहे त्यांचा. पहिल्यापासून मला माहीत होतं.”

“मग तुम्ही मला...”

“तो टीव्हीवरचा माणूस मला नको ते बोलला होता. सगळ्यांपुढे. मला तो पडलेला बघायचा होता.” पेन टेबलावर ठेवून ते दाराकडे वळले. “आणि मंगळवारी मी टॅग लावला नाही. हा काल माझ्यासाठी खोटं बोलला. ऐकतेस ना अंजली? मी लावला नाही.”

फायनान्सवाल्याने कागद आवरायला घेतले. असल्या घरातून लवकर निघावं हे त्याला कळत होतं. विमलाबाई खाली बसल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही, कोण काय बोललं तेही नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना त्यातलं बरंचसं कळलं असावं. आपल्या माणसाला काय काय बोलतात, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

हर्षल वडिलांकडे बघत राहिला. संजना दारात येऊन उभी होती. तिला वाटलं, आता हा ओरडेल, काहीतरी फेकेल. तिला ते चाललं असतं.

तो ओरडला नाही. “पैसे गेले ते गेले बाबा,” तो म्हणाला. “बाजार चुकला, मी बरोबर होतो, एवढंच धरून मी पाच दिवस उभा होतो. तेवढंच होतं माझ्याकडे.”

नवनाथ आणखी जवळ सरकले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हर्षलने तो तसाच राहू दिला, झटकला नाही की धरला नाही. सव्वानऊ वाजले. हर्षलने खुर्ची वळवली आणि विकलेले सगळे शेअर एका दमात परत घेतले. त्याला जेमतेम दहा सेकंद लागले. बापाच्या नोकरीतलं साठलेलं, त्याची स्वतःची चार वर्षं, बहिणीच्या घराच्या भिंती, सगळं त्यात गेलं. स्क्रीनवर एक छोटी चौकट आली, व्यवहार पूर्ण. त्याने ती बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

संजनाने त्याला पाणी दिलं नाही. शाळेत फोन करून आज येत नाही एवढं सांगितलं.

अंजलीने वेणी पुरी केली, रिबिन बांधली. तिच्या वाट्याला साडेपाच लाख उरत होते, ते संध्याकाळपर्यंत पाठवतो, असं हर्षल म्हणाला. तिने मान हलवली. तिने पिशवी भरली, निकिताचे बूट शोधले. नवनाथ शर्टाची बटणं नीट करत दारापाशी आले, सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाले. दर खेपेला तेच सोडायचे.

“नको,” अंजली म्हणाली.

तरी ते चपला घालायला लागले.

“बाबा, खरंच नको.” तिने निकिताला पुढे जिन्याकडे पाठवलं, आणि ती चार पायऱ्या उतरेपर्यंत थांबली. “तो माणूस तुम्हाला सगळ्यांपुढे बोलला ना, एवढं ऐकूनच माझ्या अंगाची आग होतेय. तुम्ही मंगळवारी जे केलं ते मी पण केलं असतं कदाचित. त्याचं मला काही नाही.” ती रडत नव्हती. “पण काल मी दादाला पाऊण तास बोलले. मी त्याला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही समोर बसून होतात. मी तुम्हाला पाणी आणून दिलं.”

नवनाथ एका पायात चप्पल घालून उभे होते.

“हो,” ते म्हणाले.

अंजली आणखी थोडं थांबली, ते पुढे काही म्हणतील म्हणून. मग निकिताने खालून हाक मारली आणि ती उतरून गेली.